फुलं थांबतात, पानं करपतात, आणि दरवर्षी तेच: गॅलरीतल्या उन्हाचा हिशेब

जानेवारीत आणलेली जास्वंद मार्चपर्यंत रोज फुलते आणि मे उजाडला की नुसती पानं वाढवत बसते. खत बदलून होतं, माती बदलून होते, फवारणी होते. फरक पडत नाही. दिवाळीनंतर ती आपोआप पुन्हा फुलायला लागते आणि श्रेय शेवटी घातलेल्या खताला मिळतं. त्याच गॅलरीत पावसाळ्यात आणलेलं कॅलेथिया किंवा ॲग्लोनेमासारखं सावलीतलं झाड चार महिने टवटवीत राहतं आणि डिसेंबरात त्याची पानं करपतात. ही दोन्ही दुखणी एकाच कारणाची आहेत. झाड जागचं हललेलं नसतं, ऊन हललेलं असतं.

झाड निवडताना बहुतेक जण गॅलरीची दिशा पाहतात: दक्षिण म्हणजे ऊन, उत्तर म्हणजे सावली. हा नियम युरोप-अमेरिकेतल्या बागकामातून आलेला आहे आणि तिथे तो बरोबरच आहे, कारण तिथे सूर्य बाराही महिने दुपारी दक्षिणेलाच असतो. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी तो खुशाल पाळावा. महाराष्ट्र आणि गोवा मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. इथे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून पुढे, उत्तरेकडे सरकतो. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो शून्य सावलीचा दिवस: पणजीत मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. तिथून सूर्य पुन्हा दक्षिणेकडे यायला नागपुरात जुलैचा मध्य, पुण्या-मुंबईत जुलैअखेर आणि पणजीत ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडतो. मधल्या काळात दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन येतच नाही.

दक्षिणेच्या गॅलरीचं गणित

पुण्यातली गॅलरी धरू. वरचा स्लॅब फरशीपासून साडेनऊ फुटांवर, आणि तो कठड्याच्या रेषेपर्यंत आलेला. डिसेंबरअखेर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो, त्यामुळे स्लॅबखालून ऊन आत साडेआठ फुटांपर्यंत शिरतं, म्हणजे थेट खोलीत. 21 मार्चच्या सुमाराला सूर्य 71-72 अंशांवर चढतो आणि ऊन आत जेमतेम तीन फूट येतं. एप्रिलच्या मध्याला दीड फूट. मेच्या मध्याला शून्य. ऑगस्टअखेर पुन्हा दीड फूट, सप्टेंबरअखेर तीन फूट, आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत आत आत येत राहतं.

यात अजून एक गोम आहे, ती म्हणजे कठडा. कठडा लोखंडी गजांचा असेल तर प्रश्न नाही. पण साडेतीन फुटांची भरीव भिंत असेल, तर डिसेंबरात तिची सावली फरशीवर तीन फुटांहून थोडी जास्त आत पडते. चार फुटी गॅलरीत भिंतीला चिकटून जमिनीवर ठेवलेली कुंडी, बाहेर लख्ख ऊन असूनही, दिवसभर सावलीत असते. गॅलरीत उभं राहिलं की आपल्या तोंडावर ऊन येतं, म्हणून झाडालाही मिळत असेल असं वाटतं. अशा वेळी झाड बदलायची गरजच नसते. अडीच-तीन फुटांचं स्टँड करून कुंडीची कड कठड्याच्या उंचीजवळ आणली की त्याच जागी तीन-चार तासांचं ऊन वाढतं. उंचावरच्या मजल्यांवर स्टँड तारेने पक्कं बांधावं आणि कुंडी कठड्याच्या आतल्या बाजूलाच राहील असं पाहावं.

आता जास्वंदीचं कोडं सुटतं. तिला फुलायला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. दक्षिणेच्या गॅलरीत ते ऑक्टोबर ते मार्च मिळतं, नंतर नाही. तिथे ती कायमची ठेवायची असेल, तर एप्रिल ते सप्टेंबर कमी फुलं हे गृहीत धरायचं. नाहीतर त्या काळापुरती कुंडी गच्चीवर किंवा पूर्वेच्या खिडकीत हलवायची. खत वाढवून हा प्रश्न सुटत नाही. कमी उजेडात दिलेलं जास्त नत्र फक्त लांबट, लुसलुशीत फांद्या काढतं आणि त्यांवर मावा व पिठ्या ढेकूण आधी बसतात.

बाकीच्या बाजू

उत्तरेची गॅलरी ऑक्टोबर ते फेब्रुवारी पूर्ण सावलीत असते. पण एप्रिल-मेमध्ये सूर्य उत्तरेकडे झुकून उगवतो आणि मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी चारनंतर तिरपं ऊन आत येतं. पश्चिमेकडच्या टोकाला ठेवलेलं पीस लिली किंवा नेचं मे महिन्यात करपतं ते यामुळे. त्या दोन महिन्यांत ते टोक रिकामं ठेवावं, किंवा तिथे क्रोटनसारखं ऊन सोसणारं झाड आणावं.

पूर्वेची गॅलरी सगळ्यांत सोपी. सकाळपासून साधारण अकरापर्यंत ऊन, मग उजेड. अबोली, तुळस, गुलाब, अनंत, गोकर्ण, कोथिंबीर, मेथी, पालक या सगळ्यांचं इथे निभतं.

पश्चिमेला तास तेवढेच असले तरी ऊन वेगळं लागतं. सकाळी हवा थंड असते, मुळांना रात्रभर पाणी मिळालेलं असतं. दुपारी दोनला मात्र हवा तापलेली, भिंत तापलेली, कुंडी तापलेली, आणि पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढण्यापेक्षा जास्त. ‘चार तास ऊन लागतं’ असं लेबल असलेलं झाड पूर्वेला जगतं आणि पश्चिमेला एप्रिलमध्ये मरतं. पश्चिमेसाठी बोगनवेल, सदाफुली, चिनी गुलाब, अडेनियम, कण्हेर, मधुमालती अशी चिवट मंडळीच निवडावी. कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर ती टाळावी. विदर्भात, जिथे मेमध्ये पारा 45 अंशांकडे जातो, तिथे पूर्ण उन्हाच्या झाडांनाही दुपारी आडोसा लागतो. पुस्तकात ‘पूर्ण ऊन’ लिहिलंय म्हणून नागपूरच्या गच्चीवर गुलाब उघडा ठेवू नये.

विकत घेण्याआधी ऊन मोजा

सुटीच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर तासाला, झाड जिथे ठेवायचं त्या जागेचा आणि त्या उंचीचा फोटो घ्या. थेट ऊन दिसणारे फोटो मोजा. सहा किंवा जास्त म्हणजे पूर्ण ऊन, तीन ते पाच म्हणजे अर्धं ऊन, दोन किंवा कमी म्हणजे सावली. हे एकदा करून भागत नाही. डिसेंबरअखेर, मार्चअखेर आणि मेच्या मध्याला असं तीनदा करा. फेब्रुवारीअखेरचं माप घेतलं असेल तर ते ऑक्टोबरच्या मध्याला चालतं, कारण सूर्याची उंची दोन्ही वेळा जवळपास सारखीच असते.

सावलीतही फरक असतो. पांढरा कागद ठेवून त्याच्या एक फूट वर तळहात धरा. हाताची सावली पुसट का होईना ओळखू येत असेल, तर तिथे मनी प्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनेमा, पीस लिली, नागवेल तरतात. सावली अजिबातच उमटत नसेल, तर स्नेक प्लांट आणि झेडझेड एवढेच टिकतात, आणि तेही वाढत नाहीत, फक्त तग धरतात. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप ढोबळ अंदाजाला बरं. निरभ्र दुपारी उघड्यावर आकडा लाखाच्या आसपास जातो, उघड्या सावलीत दहा-वीस हजार, खिडकीजवळ काही हजार, आणि खोलीच्या मध्यावर बहुतेक वेळा पाचशेच्याही खाली. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बुबुळ लगेच जुळवून घेतं. ‘खोलीत छान उजेड आहे’ हे वाक्य झाडाच्या दृष्टीने फारसं खरं नसतं.

लक्षणावरून कारण ओळखणं

ऊन जास्त झालं की डाग पानाच्या उन्हाकडच्या बाजूला पडतात: आधी फिकट, मग पांढरट-तपकिरी, कागदासारखे कोरडे. खात्री करायची सोपी खूण अशी की वरच्या पानाची सावली जिथे पडत होती, तेवढा भाग हिरवाच राहिलेला असतो. खताचा किंवा क्षाराचा त्रास असेल तर करपणं टोकांपासून आणि कडांपासून सुरू होतं, सावलीतल्या पानांवरही दिसतं आणि मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरलेली असते. बोअरच्या पाण्यावर वाढणाऱ्या झाडांत हे फार आढळतं. तिसरा प्रकार म्हणजे पानांवर बारीक फिकट ठिपके, पाठीमागे जाळी: तो लाल कोळी, एक बारीक कीड. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत तो येतो आणि लोक त्यालाही ऊन लागलं असं समजून झाड सावलीत नेतात.

दुपारी दोनला माना टाकलेलं झाड संध्याकाळी सातला ताठ झालं, तर ते पाण्याचं दुखणं नव्हे, तो उन्हाचा ताण. बोट दोन इंच मातीत घालून पाहा. आत ओल असेल तर पाणी देऊ नका. अशा वेळी रोज दुपारी घातलेलं पाणी मुळं कुजवतं आणि मग झाड खरोखरच मान टाकतं.

ऊन कमी पडण्याची लक्षणं हळू येतात म्हणून नजरेतून सुटतात. दोन पेरांमधलं अंतर वाढतं, खोड उजेडाकडे वाकतं, नवी पानं पातळ आणि मोठी येतात. मनी प्लांटचे पिवळे पट्टे नाहीसे होतात, क्रोटन आणि कोलियस हिरवट पडतात. सगळ्यांत दुर्लक्षित खूण मातीत असते. त्याच झाडाची कुंडी आधी दोन दिवसांत सुकायची, आता पाच-सहा दिवस ओलीच राहते. उजेड कमी म्हणजे पानं पाणी कमी ओढतात. घरातली झाडं ‘जास्त पाण्याने’ मेली असं म्हटलं जातं, त्यातली बरीचशी मुळात कमी उजेडाने मरतात. पाणी तेवढंच होतं, झाडाची तहान कमी झाली होती.

जास्वंदीच्या बाबतीत दोन तक्रारी वेगवेगळ्या धराव्यात. कळीच धरत नसेल तर ऊन कमी आहे किंवा नत्र जास्त आहे. कळी धरते पण उमलण्याआधी पिवळी पडून गळते, तर उन्हाकडे नंतर पाहा. आधी कळीचं देठ आणि हिरव्या पाकळ्यांच्या आतली बाजू भिंगाने तपासा. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि 1 मिलि भांडी घासायचा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा, दर सहा-सात दिवसांनी, तीनदा. उन्हात फवारलंत तर तेलानेच पानं भाजतात. कीड नसेल तर पाण्याची ओढाताण तपासा: कुंडी एकदा खडखडीत सुकणं आणि एकदा तुंबणं. देशी एकेरी लाल जास्वंद चार तासांतही बऱ्यापैकी फुलते. मोठ्या फुलांच्या संकरित जाती मात्र ऊनही जास्त मागतात आणि एप्रिल-मेची दुपारही सोसत नाहीत, म्हणून अर्ध्या उन्हाच्या घरात देशीच घ्यावी.

मोगऱ्याला सहा तासांखाली समाधान नाही. पण ऊन भरपूर असूनही फुलत नसेल, तर बहुतेक वेळा छाटणी राहिलेली असते. फुलं नव्या फांदीवर येतात. डिसेंबरअखेर ते जानेवारीत झुडूप फूट-दीड फुटावर छाटावं, उरलेली पानं काढावीत, आठ-दहा दिवस पाणी अगदी बेताचं द्यावं, मग वरची माती उकरून 12 इंची कुंडीला तीन-चार मुठी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरपूर पाणी. मार्चपासून कळ्या दिसतात. बोगनवेलीचंही असंच: ऊन पूर्ण असेल आणि तरी नुसती पानंच येत असतील, तर पाणी कमी करा. कुंडी सुकू द्या, पानं किंचित मलूल झाली की मग पाणी. मोठ्या कुंडीत हलवायची घाई करू नका, मुळं दाटली की ती जास्त फुलते.

अर्ध्या उन्हात फुलणारी झाडं

लोकांना हवी असतात फुलं आणि जागेत असतं तीन-चार तासांचं ऊन. इथे गुलाब-मोगऱ्याचा हट्ट सोडला तर निवड गरीब नाही. अबोली या जागेसाठीच जन्मल्यासारखी आहे. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन, ओलसर पण निचरा होणारी माती, आणि वाळलेली कणसं खुडत राहणं एवढं पुरतं. तगर मोठ्या कुंडीत आडोशालाही फुलते. कवठी चाफा सावकाश वाढतो, पण सौम्य उन्हातच खुलतो. बिगोनियाचं सकाळच्या उन्हावर भागतं. सोनटक्क्याला अर्धं ऊन आणि सतत ओल हवी. कुंडी किमान 14 इंची, कारण कंद आडवे पसरतात. त्याचा बहर पावसाळ्यातून ऑक्टोबरपर्यंतचा, त्यामुळे मेमध्ये तो फुलत नाही म्हणून काळजी करू नये.

अनंताचं दुखणं उन्हाचं वाटतं आणि निघतं मातीचं. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, असं दिसलं तर ते लोह न मिळाल्याचं लक्षण आहे. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हे सहसा होत नाही. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यावर हमखास होतं. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात पंधरवड्याच्या अंतराने दोनदा फवारावं आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं. झाड उन्हात-सावलीत फिरवत बसलात तर कळ्या गळतात. कळ्यांवर असताना अनंताची जागा बदलूच नये.

नर्सरीतून आणल्यावरचे पहिले पंधरा दिवस

नर्सरीत बरीच झाडं हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. जात पूर्ण उन्हाची असली तरी ती विशिष्ट पानं सावलीत तयार झालेली असतात आणि थेट उन्हात दोन दिवसांत भाजतात. पहिले तीन-चार दिवस उजेडात पण उन्हाबाहेर, पुढचे चार दिवस सकाळी नऊपर्यंतचं ऊन, पुढचे चार दिवस अकरापर्यंतचं, मग कायमची जागा. एप्रिल-मेमध्ये आणलेल्या झाडाला याच्या दुप्पट वेळ द्या. याच दिवसांत कुंडी बदलू नका आणि खतही देऊ नका. करपलेली जुनी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, पण ती सगळी कापायचीही नाहीत. नवी फूट येईपर्यंत तीच आतल्या फांद्यांना सावली देतात.

शेडनेट घेताना टक्केवारी म्हणजे अडवलेलं ऊन हे लक्षात ठेवा. फळभाज्या आणि फुलझाडांना 35 टक्के, मेच्या गच्चीवर 50 टक्के, शोभेच्या पानांच्या झाडांना 75 टक्के. दुकानदार सर्रास 75 देतात आणि टोमॅटोला फळ धरत नाही. जाळी झाडांच्या शेंड्यांपासून दीड-दोन फूट वर असावी, म्हणजे हवा खेळते. गच्चीवर छतापेक्षा पश्चिमेला उभी लावलेली जाळी जास्त उपयोगी पडते. जूनच्या पहिल्या पावसाला ती काढा. तशीच ठेवली तर ढगांमुळे आधीच घटलेला उजेड अर्धा होतो, पानं ओली राहतात आणि बुरशी धरते. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या गच्चीवर उन्हात मुळं भाजतात. त्या विटांवर उचलून ठेवा, मातीवर नारळाच्या शेंड्यांचा किंवा वाळक्या पाल्याचा दोन इंच थर द्या, आणि पश्चिमेच्या रांगेत मोठ्या कुंड्या ठेवून लहान कुंड्या त्यांच्या सावलीत घ्या. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कोणतंही झाड ठेवू नका, सावलीतही पानं करपतात.

शेवंती आणि पॉइन्सेटियाचं एक वेगळंच प्रकरण आहे. ऊन सहा तास, खत वेळेवर, कीड नाही, आणि तरी शेवंतीला कळी नाही. ही दोन्ही झाडं रात्र लांबली की कळी धरतात. गॅलरीतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू असेल किंवा रस्त्यावरचा खांब थेट झाडावर उजेड टाकत असेल, तर त्यांना रात्र लांबलेली कळतच नाही. खांबाच्या बाजूची फांदी हिरवी आणि आडोशाची फांदी कळ्यांनी भरलेली, असं एकाच कुंडीत दिसतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून सहा ते आठ आठवडे कुंडी संध्याकाळी सहाला खोक्याखाली झाकून सकाळी आठला उघडा, किंवा दिव्याचा उजेड पोचणार नाही अशा कोपऱ्यात न्या. रोज न चुकता करावं लागतं; मध्येच काही रात्री दिव्याचा उजेड पडला तर कळ्या धरणं लांबतं. शेवंतीला कळ्या फुगून रंग दिसायला लागला की झाकणं थांबवलं तरी चालतं, पॉइन्सेटियाला वरची पानं पूर्ण लाल होईपर्यंत झाकावं लागतं.